पॉलिप काढल्यानंतरचे १४ दिवस

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. मोठ्या आतड्यातील पॉलिप दुर्बिणीतून काढला, रुग्ण त्याच संध्याकाळी चालत घरी आला, आणि नंतर काहीतरी बिघडले किंवा बिघडेल अशी धास्ती घरच्यांनी घेतली. त्यांतील निवडक प्रश्न येथे थोडक्यात दिले आहेत. आरंभीच एक खुलासा करतो, कारण तीन पत्रांत हा गोंधळ आहे. पॉलिप म्हणजे मूळव्याधीचा कोंब नव्हे. मूळव्याध म्हणजे गुदद्वाराजवळच्या फुगलेल्या रक्तवाहिन्या. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेली वाढ, जी आज निरुपद्रवी असली तरी तिच्यातील काही प्रकारांचे पुढे अनेक वर्षांनी कर्करोगात रूपांतर होऊ शकते. ती काढायची ती एवढ्यासाठी.

प्रश्न : माझे वय ५८. आतड्याच्या उजव्या भागातील अडीच सेंटिमीटरचा पॉलिप काढला. पाच दिवस काही त्रास नव्हता. सहाव्या रात्री शौचाला गेलो तर नुसते रक्त. तासाभरात तीन वेळा गेलो. पुन्हा दुर्बीण घालून क्लिपा लावाव्या लागल्या. काढताना काही चूक झाली होती का? चूक नसेल तर सहाव्या दिवशी रक्त कसे आले? मधल्या काळात गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चालू होत्या, हेही कळवतो.
— एक शेतकरी वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : रक्त सहाव्या दिवशी आले, यावरून चूक झाली असे मुळीच ठरत नाही, उलट उशिराचा रक्तस्राव बहुधा याच सुमारास होतो. त्याचे कारण समजण्यासाठी आत काय केले जाते ते पाहावे लागेल. दुर्बिणीच्या नळीतून तारेचा एक फास आत सरकवतात, तो पॉलिपच्या बुडाशी आवळतात आणि तारेतून वीज सोडतात. ही वीज मांस कापते आणि त्याच वेळी कापलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडे भाजून बंद करते. न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या यांनी १९६९ मध्ये अशा तारेच्या फासाने पहिला पॉलिप काढला. तोपर्यंत आतड्याच्या आत खोलवर असलेल्या पॉलिपसाठी पोट उघडण्यावाचून गत्यंतर नसे. साधने पुष्कळ सुधारली, पण चटका तो चटकाच. तव्याचा चटका हाताला बसला की चार-सहा दिवसांनी खपली सुटते, तसेच आतही होते. खालची जखम तोवर भरत आली असेल तर खपली कधी पडली ते रुग्णाला कळतही नाही, आणि एखादी वाहिनी उघडी राहिली असेल तर रक्त वाहू लागते. हे बहुधा पहिल्या आठवड्यात घडते, १४ दिवसांपर्यंत घडू शकते आणि क्वचित त्यानंतरही घडते.

धोका किती, हे मुख्यतः पॉलिपच्या आकारावर ठरते. लहान पॉलिप काढल्यावर उशिरा रक्त जाण्याचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असते. दोन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या पॉलिपमध्ये ते शंभरात पाच ते सातपर्यंत जाते. आपला पॉलिप अडीच सेंटिमीटरचा होता आणि उजव्या बाजूला होता, म्हणजे दोन्ही गोष्टी प्रतिकूल होत्या. उजव्या बाजूचे आतडे रुंद असले तरी त्याची भिंत पातळ असते.

हा धोका कमी करण्याच्या दोन उपायांबद्दल आता चांगला पुरावा आहे. पहिला उपाय लहान पॉलिपांसाठी आहे : एक सेंटिमीटरपेक्षा लहान पॉलिप वीज न वापरता नुसता फास आवळून कापणे. याला ‘कोल्ड स्नेअर’ म्हणतात. कापताक्षणी थोडे रक्त दिसते व आपोआप थांबते, पण चटकाच नसल्यामुळे नंतर सुटणारी मोठी खपली नसते. तैवानमधील चार हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत (२०२३) चार ते दहा मिलिमीटरच्या पॉलिपांमध्ये विजेचा फास वापरल्यावर १.५ टक्के रुग्णांना उशिरा रक्तस्राव झाला, तर विजेशिवाय ०.४ टक्के रुग्णांना. दुसरा उपाय मोठ्या पॉलिपांसाठी आहे : काढून झाल्यावर उघडी राहिलेली जागा धातूच्या छोट्या क्लिपांनी, जणू टाके घालावेत तशी, मिटवून घेणे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन सेंटिमीटर व त्याहून मोठ्या पॉलिपनंतर उजव्या बाजूला पॉलिप असलेल्या रुग्णांमधील रक्तस्राव क्लिपांमुळे ९.६ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आला. डाव्या बाजूला मात्र असा फायदा दिसला नाही. एकेका क्लिपला काही हजार रुपये लागतात आणि मोठी जागा मिटवायला चार-पाच क्लिपाही लागू शकतात, शिवाय प्रत्येक जागेच्या कडा एकमेकींना पोहोचतातच असे नाही. त्यामुळे आपल्याला आधी क्लिपा का लावल्या नाहीत, याचे उत्तर दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. तो प्रश्न रास्त आहे, तो तक्रारीच्या सुरात विचारण्याची गरज नाही.

डायक्लोफेनॅकमुळेच रक्त आले असे मी म्हणणार नाही. तेवढा ठाम पुरावा नाही. परंतु या गटातील गोळ्या रक्त गोठवणाऱ्या पेशींचे काम मंदावतात, आणि गुडघ्याला दोन आठवडे पॅरासिटामॉलवर थांबवता येत असेल तर हा धोका का पत्करावा? आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक आणि नेप्रॉक्सेन यांनाही हेच लागू आहे. पोती उचलणे, मोटार ओढणे, जोर लावून शौच करणे या गोष्टी दोन आठवडे टाळण्यास आम्ही सांगतो. त्यामागचा पुरावा फारसा भक्कम नाही, पण सांगणे चालूच ठेवतो, कारण टाळण्यात नुकसान काही नाही.

आता रक्त दिसले तर काय करावे ते इतर वाचकांसाठी सांगतो. शौचाबरोबर एखादा रक्ताचा ठिपका पहिल्या एक-दोन दिवसांत दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. चमचाभराहून अधिक रक्त, रक्ताच्या गाठी, पुन्हा पुन्हा रक्ताचा शौच, किंवा उभे राहताना चक्कर, घाम व छातीत धडधड यांपैकी काहीही झाले तर काही न खाता, सोबत कोणाला तरी घेऊन, स्वतः गाडी न चालवता रुग्णालय गाठावे. बरेचसे रक्तस्राव आपोआप थांबतात, परंतु आपला थांबेल की नाही ते घरी बसून ठरवता येत नाही. बीट खाल्ल्यावर शौच लाल होतो आणि लोहाच्या गोळ्यांनी काळा होतो, हे मात्र आधी आठवून पाहावे. त्या भीतीने रात्री दोन वाजता आलेले रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्यांना हसून परत पाठवताना मलाही बरे वाटले आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांना पाच महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला व स्टेंट बसवला. रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज चालू आहे. आता दीड सेंटिमीटरचा पॉलिप सापडला आहे. पोटाचे डॉक्टर गोळी थांबवायला सांगतात, हृदयाचे डॉक्टर अजिबात थांबवू नका म्हणतात. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोघांना एकमेकांशी बोलायला लावावे, हे पहिले उत्तर. फोनवर पाच मिनिटांत मिटणारी गोष्ट रुग्णाच्या बायकोने दोन दवाखान्यांमध्ये निरोप पोहोचवत सोडवू नये. ते दोघे बोलतील तेव्हा बहुधा काय ठरेल, ते सांगतो.

औषधाचा लेप असलेला स्टेंट बसवल्यानंतरचे पहिले काही महिने, आणि झटक्यानंतर स्टेंट बसवला असल्यास साधारण पहिले वर्ष, ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेलसारखी दोन औषधे बरोबर चालू ठेवण्याचे असते, कारण स्टेंटमध्ये अचानक रक्ताची गुठळी झाली तर ती जिवावर बेतू शकते. दुसऱ्या बाजूला, दीड सेंटिमीटरचा पॉलिप दिसायला साधा असेल आणि त्यात कर्करोगाची शंका नसेल, तर तो काही महिने तसाच राहिल्याने सहसा बिघडत नाही. अशा वाढीला कर्करोगापर्यंत पोहोचायला वर्षे लागतात. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवलेली मुदत संपेपर्यंत थांबून मग पॉलिप काढणे हाच बहुतेक वेळा सुरक्षित मार्ग ठरतो. पॉलिपच्या दिसण्यावरून कर्करोगाची शंका असेल तर मात्र हिशेब बदलतो आणि तेव्हा दोघांनी मिळून जोखीम तोलावी लागते.

मुदत संपल्यावर थांबवायचे ते क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन नव्हे. ब्रिटिश व युरोपीय पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे दिलेल्या मार्गदर्शनात क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलोर सात दिवस आधी थांबवून ॲस्पिरिन चालूच ठेवण्यास सांगितले आहे, आणि थांबवलेले औषध एक-दोन दिवसांत पुन्हा सुरू करण्यास सांगितले आहे. येथे आपल्याकडची एक खास अडचण येते. आपल्याकडे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचे औषध अशी तिन्ही एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतात. आपण ‘एक गोळी’ म्हणता ती कदाचित अशीच असेल. ती बंद केली की न थांबवायचे ॲस्पिरिनही नकळत बंद होते. म्हणून कॅप्सूल थांबवण्याच्या दिवसांत ॲस्पिरिन व कोलेस्टेरॉलची गोळी वेगळी लिहून घ्यावी.

झडप बदललेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णांकडे वॉरफरिन, ॲसिनोकुमारॉल, रिव्हारोक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन, डॅबिगाट्रॅन अशी दुसऱ्या गटातील औषधे असतात. वॉरफरिन पाच दिवस आधी थांबवून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप, १.५ च्या खाली आल्याची खात्री करावी लागते. नव्या गटातील औषधांचा शेवटचा डोस तीन दिवस आधी घ्यायचा असतो, मूत्रपिंडे कमजोर असतील आणि औषध डॅबिगाट्रॅन असेल तर पाच दिवस आधी. वॉरफरिन बहुधा त्याच संध्याकाळी सुरू करता येते, कारण त्याचा परिणाम यायला काही दिवस लागतात. नवी औषधे मात्र काही तासांत परिणाम करतात, म्हणून ती दोन-तीन दिवसांनी सुरू करतात. मधल्या काळात पोटात टोचायची हेपरिनची इंजेक्शने पूर्वी सरसकट दिली जात. त्यांनी रक्तस्राव वाढतो, हे आता स्पष्ट आहे, आणि धातूची झडप असलेल्या काही निवडक रुग्णांखेरीज त्यांची गरज नसते.

रुग्णाला ‘काही रक्त पातळ करायची गोळी आहे का’ असे विचारले की निम्मे लोक ‘नाही’ म्हणतात. म्हणून मी घरातली सगळी औषधे पिशवीत भरून आणायला सांगतो. एकदा एका आजोबांनी ती पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली तेव्हा ‘शक्तीच्या गोळ्या’ म्हणून सांगितलेल्या पाकिटातून अपिक्सॅबॅन निघाले. दुर्बीण त्या दिवशी पुढे ढकलली.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७० आहे. पॉलिप काढून आम्ही रत्नागिरीला परतलो. त्याच रात्री तिचे पोट उजवीकडे दुखू लागले, सकाळी ताप आला. गावातील डॉक्टरांनी गॅस आहे म्हणून दुखणे थांबवणारे इंजेक्शन दिले. दोन दिवसांनी सीटी स्कॅन करून आठवडाभर सलाईनवर ठेवावे लागले. आतडे फाटले नव्हते असे सांगण्यात आले. मग हे काय होते, आणि ते टाळता आले असते का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपल्या वर्णनावरून आईंना पॉलिप काढल्यानंतर होणारी, आतड्याच्या भिंतीची भाजणी झाली असावी. विजेचा चटका अस्तरापुरता न राहता भिंतीच्या पूर्ण जाडीपर्यंत पोहोचला की बाहेरच्या आवरणाला सूज येते. आतडे फाटलेले नसते, पण दुखणे, ताप आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची वाढ अशी सगळी लक्षणे फाटल्यासारखीच दिसतात. ही लक्षणे काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत कधीही येऊ शकतात. सीटी स्कॅनमध्ये आतड्याबाहेर हवा दिसत नाही, एवढाच मोठा फरक. उपचार म्हणजे पोटाला विश्रांती, सलाईन व प्रतिजैविके. बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात, तशा आईही झाल्या.

टाळण्याचा मुख्य मार्ग दुर्बीण करणाऱ्याच्या हातात असतो आणि तो पाहण्यासारखा आहे. मोठ्या, सपाट पॉलिपच्या खाली बारीक सुईने निळा रंग मिसळलेले सलाईन किंवा त्याहून घट्ट द्रव टोचतात. पडद्यावर गुलाबी अस्तर हळूहळू फुगते, निळसर उशी तयार होते आणि पॉलिप त्या उशीवर चढून बसतो. अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये हे अंतर पडले की फास स्नायूला धरत नाही आणि उष्णताही खाली कमी उतरते. पॉलिप उचललाच गेला नाही, तर मुळाशी कर्करोग खोल गेला असण्याची किंवा आधीच्या बायॉप्सीने तेथे व्रण पडल्याची शंका येते. म्हणूनच मोठ्या पॉलिपचे उगाच चार-चार तुकडे बायॉप्सीसाठी घेऊन मग रुग्णाला दुसरीकडे पाठवण्याची पद्धत मला पटत नाही. नंतर काढणाऱ्याचे काम त्याने अवघड होते. काढून झाल्यावर कापलेला तुकडा उलटा करून पाहणे, हेही तितकेच महत्त्वाचे. तुकड्याच्या खालच्या बाजूस पांढरे वर्तुळ दिसले तर स्नायूचा थर कापला गेला आहे असे समजावे आणि तेथेच, त्याच क्षणी, क्लिपांनी जागा बंद करावी. निशाणाच्या चकतीसारखी दिसणारी ही खूण ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी नीट वर्णिली आहे आणि ती पाहायची सवय लागल्यापासून उशिरा कळणारी छिद्रे कमी झाली आहेत, असे मी स्वतःच्या कामावरून म्हणू शकतो.

मोठ्या पॉलिपनंतर आतडे फाटण्याचे प्रमाण साधारण शंभरात एक असते. पॉलिप अखंड सोलून काढण्याची जी जपानमध्ये विकसित झालेली पद्धत आहे तिच्यात ते त्याहून अधिक असते, पण बरीचशी छिद्रे तेथल्या तेथे दिसतात व मिटवता येतात. घातक ठरते ते न ओळखलेले छिद्र. आणि येथेच आपल्या प्रश्नातील दुसरा भाग येतो. दुर्बिणीनंतर पोट फुगणे व मुरडणे स्वाभाविक आहे. ते वारा सरला की कमी होते, आणि हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला असल्यास लवकरच ओसरते. याउलट जे दुखणे एका जागी टिकते, हलल्यावर वा खोकल्यावर वाढते, खांद्यात कळ मारते, ज्याच्यासोबत ताप येतो किंवा पोट लाकडासारखे कडक होते, ते गॅसचे नव्हे. अशा वेळी दुखणे दडपणारे इंजेक्शन, जुलाबाचे औषध आणि एनिमा या तीन गोष्टी टाळाव्यात व त्याच दिवशी सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी न्यावे. गावच्या डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. आत काय केले होते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. घरी जाताना मिळालेल्या कार्डावर पॉलिप कोणत्या भागातील, किती मोठा, वीज वापरली की नाही, क्लिपा किती आणि रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, एवढे लिहून घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नये. घर घाटाखाली असेल तर मोठा पॉलिप काढल्यावर एक-दोन रात्री शहरातील नातेवाइकांकडे काढाव्यात, असे मी आग्रहाने सांगतो.

प्रश्न : पोट साफ करण्यासाठी तीन-चार लिटर औषध पिणे वडिलांना जमत नाही. पूर्वी एकाने मॅनिटॉल पिऊन काम भागवले होते. तसे चालेल का? वडिलांना मधुमेह असून क्रिएटिनिनही वाढलेले आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : मॅनिटॉल ही साखरेच्या जातीची वस्तू आहे. आतड्यातील जिवाणू ती आंबवतात व हायड्रोजन तयार होतो. त्यात विजेची ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. असा स्फोट होऊन पॉलिप काढताना रुग्ण दगावल्याची घटना १९७९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे. पॉलिप निघण्याची शक्यता असेल तेथे मॅनिटॉल घेऊ नये. क्रिएटिनिन वाढणे हे मूत्रपिंडे कमजोर असल्याचे लक्षण, आणि तसे असताना फॉस्फेटची औषधेही टाळावीत, कारण त्यांनी मूत्रपिंडांना कायमची इजा झाल्याची उदाहरणे आहेत. उरते ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजेच ज्याला वडील कंटाळले आहेत ते औषध. ते एका दमात न पिता निम्मे आदल्या संध्याकाळी व निम्मे त्या पहाटे, थंड करून, मधूनमधून लिंबू चाटत प्यायले तर बऱ्याच जणांना जमते, आणि पोटही त्यानेच अधिक स्वच्छ होते. स्वच्छ पोटाचा संबंध सुरक्षेशी आहे : घाण असेल तर पॉलिपची कड दिसत नाही, आणि छिद्र पडलेच तर पोटात काय सांडणार हे त्यावरच ठरते.

मधुमेहाची औषधे त्या दिवशी नेहमीप्रमाणे घेऊ नयेत. उपाशीपोटी ग्लिमेपिराइड घेतल्यास साखर धोकादायक खाली जाते, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते तीन दिवस आधी थांबवण्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

प्रश्न : बारा मिलिमीटरचा पॉलिप पालखी आळंदीहून निघण्याच्या चार दिवस आधी काढला जाणार आहे. गेली अकरा वर्षे माझी वारी चुकलेली नाही. जाऊ का?
— एक वारकरी वाचक, हडपसर

उत्तर : पहिल्या दिवसापासून जाऊ नका. आपल्या हिशेबाने १४ दिवस पूर्ण होतील तेव्हा पालखी निघून दहा दिवस झालेले असतील, म्हणजे ती फलटणच्या आसपास पोहोचलेली असेल. रोज काही किलोमीटर चालल्याने जखम उकलते असे नव्हे. खरी अडचण वेगळी आहे. दिवे घाट चढताना शौचावाटे रक्त जाऊ लागले, तर लाखोंच्या गर्दीतून रुग्णवाहिका निघून दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागेल, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. पॉलिप काढण्याची घाई नसेल, आणि बारा मिलिमीटरला ती सहसा नसते, तर डॉक्टरांना विचारून तारीख आषाढी एकादशीनंतरची घ्यावी. मला विचाराल तर हाच मार्ग बरा.

तारीख बदलता येत नसेल तर फलटणला दिंडी गाठावी. वाटेत वैद्यकीय पथके पायदुखीसाठी गोळ्या देतात. त्यांना पॉलिप काढल्याचे सांगून पॅरासिटामॉलच मागावे. एकादशीला साबुदाणा, वरीचे तांदूळ आणि शेंगदाणे यांवर दिवस काढल्यावर दुसऱ्या दिवशी कुंथावे लागते, म्हणून त्या रात्री इसबगोल व भरपूर पाणी घ्यावे.

प्रश्न : मला क्लिपा लावल्या आहेत आणि पुढच्या आठवड्यात मणक्याचे एमआरआय आहे. चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : क्लिपा बहुधा काही आठवड्यांत आपोआप गळून शौचावाटे जातात, पण काही महिनोन्‌महिने राहतात. सध्याच्या बऱ्याच क्लिपा ठरावीक शक्तीच्या चुंबकात सुरक्षित असतात, सगळ्या नव्हेत. क्लिपचे नाव आपल्या कार्डावर किंवा बिलावर असेल, ते एमआरआय विभागाला आधी दाखवावे. एमआरआय पुढे ढकलण्यासारखे असल्यास ढकलावे. क्लिप गळाली की नाही ते पोटाच्या साध्या एक्स-रेमध्येही दिसते.

प्रश्न : पॉलिपनंतर प्रतिजैविके घ्यावीत का? बहिणीला दिली होती, मला दिली नाहीत.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सहसा गरज नसते, हृदयाची झडप बदललेली असली तरीही. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांचा अपवाद महत्त्वाचा आहे : त्यांनी दुर्बिणीपूर्वी पोटातील द्रव पूर्ण काढून घ्यावा व प्रतिजैविक घ्यावे.

प्रश्न : पॉलिप तीन सेंटिमीटरचा होता व तुकड्या-तुकड्यांनी काढला. अहवालात कर्करोग नाही. तरी सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण सांगितली आहे. हा नाहक खर्च नाही का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. तुकड्यांनी काढलेल्या मोठ्या पॉलिपच्या कडेला कधीकधी डोळ्याला न दिसणारा अंश राहतो आणि पाच-सहा रुग्णांपैकी एकाच्या बाबतीत तेथे पॉलिप पुन्हा उगवतो. काढून झाल्यावर कडेला फासाच्या टोकाने हलका चटका देत फिरल्यास हे प्रमाण पुष्कळ खाली येते. एका चाचणीत (२०१९) ते २१ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर आले. आपल्याला तसे केले होते का, ते अहवालात पाहावे. तरीही सहा महिन्यांची तपासणी चुकवू नये, कारण या मुदतीत उगवलेला अंश लहान असतो व सहज काढता येतो. दोन वर्षांनी त्याच जागी व्रणावर चिकटलेला पॉलिप उचलताना आतडे फाटण्याचा धोका पहिल्या वेळेपेक्षा अधिक असतो. सहा महिन्यांच्या तपासणीला जाताना पहिल्या दुर्बिणीची छायाचित्रे आणि बायॉप्सीचा अहवाल सोबत न्यावा, आणि जागेजवळ काळ्या शाईची खूण गोंदली होती का ते विचारून ठेवावे. खूण नसेल तर भरलेली जखम दीड मीटर आतड्यात शोधणे कठीण जाते, आणि क्लिपा तोवर गळून गेलेल्या असतात.